न काढलेली दुसरी प्लेट

नागनाथ,

तुझ्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. माझ्या आधी तिघं बोलले आणि तिघांनीही तुला 'संयमी' म्हटलं. तुझ्या प्राचार्यांनी तर दोनदा म्हटलं. मी खुर्चीत बसून चिडत होते. संयमी माणूस वाट बघतो आणि वेळ आली की पुढं जातो. तू वेळ आली तरी पुढं जात नव्हतास. त्याला आमच्या गावाकडं हट्टी म्हणतात. पण गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घातलेला असताना माईकवर असं बोलता येत नाही, म्हणून गप्प बसले.

डॉक्टरांनी तुला अँजिओग्राफी करून घे म्हणून सांगितलं होतं, हे मला तुझ्या मंगलनं तेराव्याला सांगितलं. त्यावर तू काय म्हणालास तेही सांगितलं. "एका ईसीजीवर कुठं काय ठरत असतं? महिन्यानं अजून एक काढू. दोन्ही शेजारी ठेवून बघू." महिना भरला नाही. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागायच्या आधी, तू बाकड्यावर बसल्या बसल्या गेलास. शेजारच्या बाईला वाटलं, मास्तरांना डुलकी लागली. मंगल हे सांगताना रडत होती आणि मला मात्र तुझा राग येत होता. दुसरा पुरावा मिळेपर्यंत पहिल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम प्रयोगशाळेत ठीक आहे रे. स्वतःच्या छातीला कुणी लावतं का?

हा नियम तू कुठं शिकलास ते मला माहीत आहे, कारण मीही तिथंच होते.

नांदेडला आपण दोघं एकाच सरांकडं पीएचडीला होतो. तू अहमदपूरजवळच्या खेड्यातला, मी किल्लारीच्या अलीकडची. त्या विभागात मुली दोनच, त्यामुळं मी तुला 'तुम्ही' म्हणायची आणि तू मला 'सुमनताई'. आपल्या दोघांचा विषय एकच होता, तुरीतलं प्रथिन. तुरीच्या दाण्यात एक बारकं प्रथिन असतं. शेंगा पोखरणारी अळी दाणा खाते, ते प्रथिन तिच्या पोटात जातं आणि तिचं अन्न पचणं अडवतं. पण ते एकेकटं असतं की दोन दोन मिळून जोडीनं असतं, हे कुणी नीट मोजलं नव्हतं. पातळ द्रावणात जोड्या सुटतात, दाट द्रावणात जुळतात. सुटणं आणि जुळणं जिथं बरोबरीला येतं, तो समतोल आपल्याला मोजायचा होता. त्यावरून जोडी किती घट्ट ते कळणार होतं.

पाच पाच किलो तूर दळून आणायची, पीठ भिजवायचं, गाळायचं, थंडीत ठेवायचं. विभागाची शीतखोली वीज गेली की शीत राहायची नाही. तू सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणायचास. वाटेत निम्मी वितळायची. दीड वर्ष असं केल्यावर आपल्याकडं एका काचेच्या बाटलीच्या तळाशी बसेल एवढी पांढरी पूड जमा झाली. ती हातात धरून सर म्हणाले, "आता हैदराबादला जा."

हैदराबादच्या एका संस्थेत जुनं अ‍ॅनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूज होतं. दोन लोखंडी कपाटं आडवी जोडून ठेवावीत एवढं धूड. साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये द्रावण फिरवून गाळ तळाला बसवतात, बाहेर काढतात, मग बघतात. ह्या यंत्रात द्रावण फिरत असतानाच त्याचा फोटो काढता यायचा. वेग बेताचा ठेवला की प्रथिन तळाला बसत नाही. फिरण्यामुळं ते बाहेर ढकललं जातं, पसरण्याच्या ओढीनं परत येतं, आणि शेवटी तळाकडं दाट, वर विरळ अशा एका उतारावर स्थिरावतं. त्या उताराच्या आकारातून एकेकटे किती आणि जोड्या किती ते काढता येतं. फक्त उतार खरोखर स्थिरावलाय की अजून हळूहळू सरकतोय, हे एका फोटोवरून कळत नाही. त्यासाठी चार तासांच्या अंतरानं दोन फोटो काढायचे. तेव्हा ते काचेच्या प्लेटवर निघायचे. दोन्ही प्लेटांवरच्या रेषा तंतोतंत जुळल्या तर समतोल आला. नाही जुळल्या तर अजून थांबायचं.

एवढंच शास्त्र आहे, आणि त्यावरून आपण दोघं जन्मभर भांडलो.

आपल्याला चार दिवस मिळाले होते. पहिल्या दिवशी नमुन्याची डबी गळली. दुसऱ्या दिवशी पंपाचं तेल बिघडलं. यंत्र सांभाळणारे वेंकटय्या चांगले होते, त्यांनी सगळं खोलून पुसून दिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला यंत्र नीट लागलं. चौथ्या दिवशी सकाळी नऊला पहिली प्लेट काढायची, एकला दुसरी, आणि मग सामान बांधायचं, असं ठरलं.

तो गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस. पहाटे खाटा हलल्या असं हॉस्टेलच्या बायका सांगत होत्या. मला जागसुद्धा आली नव्हती. हे मी पुढं कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. नऊला तू पहिली प्लेट काढलीस, धुतलीस, खिडकीपाशी वाळत लावलीस. रेषा इतक्या स्वच्छ होत्या की तू मला हाक मारून दाखवल्यास. आपण दोघं प्लेटवर वाकलेलो असताना वेंकटय्या आत आले.

"अम्मा, आपका गाँव लातूर साइड है ना? रेडिओ पे बोल रहे, उधर भूकंप हुआ. किल्लारी बोले."

मी पिशवी उचलली. तू विचारलंस, "तुमचं गाव किल्लारीच्या नेमकं कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "अलीकडं. चार कोस." तू एकदा घड्याळाकडं बघितलंस आणि यंत्राच्या वेगाचा खटका खाली ओढलास.

वेंकटय्या म्हणाले, "अरे साब, क्या कर रहे? एक बजे तक एक जन तो बैठो." त्यांना वरच्या मजल्यावरची यंत्रं बघायची होती आणि ज्याचा नमुना त्यानं यंत्रापाशी बसायचं, असा तिथला नियम होता. मी दारात उभी होते. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की तुम्ही थांबा, मी जाते. बस मलाही चढता येत होती. मी म्हटलं नाही. तू वेंकटय्यांना एवढंच म्हणालास, "ये अकेली कैसी जायेगी?" आणि चप्पल घातलीस.

सोलापूरकडं जाणाऱ्या बसनं उमरग्याला उतरलो. तिथून एका जीपनं अर्ध्या वाटेपर्यंत नेलं, पुढं चाललो. गावात शिरलो तेव्हा उजेड होता, पण मला आमची गल्ली ओळखू येईना. सगळीकडं दगड आणि पांढरी माती. जाड मातीच्या छताची ती माळवदाची घरं खाली बसली की ती कुणाची ते सांगता येत नाही. लोक मिळेल तिथं उकरत होते. मी नुसती इकडून तिकडं फिरत होते. तू माझा दंड धरलास, पहिल्यांदाच, आणि विचारलंस, "घर सोडून दुसरी कुठली खूण हाय का?"

"आड आहे. पाटलांचा आड."

"आडापासनं कितवं घर?"

"पाचवं. डाव्या हाताला."

आड शाबूत होता. तू त्याच्या कठड्याला पाठ लावून उभा राहिलास आणि पावलं मोजत निघालास. एका घराला किती पावलं ते मला विचारलंस. मी अंदाजानं सांगितलं. तू म्हणालास, "अंदाज नको. दाराची रुंदी आठव, मग ओसरी आठव." आजूबाजूला माणसं रडत होती, आणि तू मला ओसरीची रुंदी आठवायला लावत होतास. मला तेव्हाही तुझा राग आला होता. पण तू जिथं थांबलास तिथंच उकरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच माझ्या वडिलांचा, आप्पांचा, देह सापडला. शेजारच्या तीन घरांची माणसं चार दिवस भलत्याच ढिगाऱ्यात शोधत होती.

आई शाळेच्या मैदानात होती. हात मोडला होता. ती पहाटे म्हशीकडं उठली होती म्हणून वाचली. तुला बघून तिनं विचारलं, "ह्यो कोन?"

"माझ्याबरोबर शिकतो."

"त्येला काय खायाला दिलं का?"

तू अकरा दिवस राहिलास. पाऊस लागला होता. तुझ्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. नांदेडला परतल्यावर महिनाभर तुला पिपेट धरता येत नव्हती. मी मात्र परतल्यावर तुला अरे-तुरे करायला लागले, आणि तुझं 'सुमनताई' जाऊन 'सुमन' झालं. दोघांनीही ठरवून काही केलं नव्हतं.

मग मी नांदेड सोडलं. आईला पत्र्याच्या शेडमध्ये झोप लागायची नाही, वारा आला की ती बाहेर पळायची. तिला लातूरला आणलं, एक खोली घेतली, शिकवण्या सुरू केल्या. मला वाटलं होतं वर्षभराचं काम आहे. पण लातूर तेव्हा फुगायला लागलं होतं. दहावीचे निकाल, बारावीचे निकाल, मग डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या परीक्षा. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. उदगीर, अहमदपूर, कंधार, पार परभणीहून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. ज्या घरात दोन खोल्या जास्तीच्या, ते घर हॉस्टेल झालं. मी एका मोठ्या क्लासमध्ये रसायन शिकवायला लागले आणि तिथंच राहिले. माझी पीएचडी अर्धीच राहिली.

तुझी पूर्ण झाली. पण प्रबंधात तू ते प्रकरण घातलं नाहीस. बाकी सगळं घातलंस, पिठापासून पुडीपर्यंत. फक्त जोड्यांचा आकडा नाही. मी नांदेडला येऊन तुझ्याशी पहिलं मोठं भांडण केलं ते त्यावरून. मी म्हटलं, "प्लेट आहे, आकडा निघतो, छाप ना."

"एकच प्लेट हाय, सुमन."

तेव्हापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं? तुझ्या लग्नात ऐकलं. माझ्या लग्नात ऐकलं. आईच्या दहाव्याला आलास तेव्हा मीच विषय काढला, तरी तेच ऐकलं. परत जाऊन दुसरी काढावी म्हटलं तर ते यंत्रच मोडीत निघालं. त्याची नमुना फिरवणारी मोटर जळाली आणि काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्या. देशात अशी यंत्रं बोटावर मोजण्याइतकी, आणि अहमदपूरच्या कॉलेजातल्या मास्तराला त्यावर वेळ कोण देणार? तू अर्ज करत राहिलास. मी म्हणत राहिले, छाप. तू म्हणत राहिलास, एकच प्लेट हाय.

तू कधी आवाज चढवला नाहीस. कधी 'तुझ्यामुळं' म्हणाला नाहीस. पण दर वेळी ते वाक्य ऐकलं की मला यंत्राचा खटका ओढणारा तुझा हात दिसायचा, आणि मला वाटायचं की ह्यानं तोंडावर म्हणावं एकदा. म्हणून टाक, की तुझ्यासाठी उठलो म्हणून दुसरी प्लेट राहिली. म्हणजे मलाही काही म्हणता येईल. तू म्हणत नव्हतास, म्हणून मी आणखी जोरानं भांडायची. मला वाटायचं, प्लेट एकच का होईना, छापून आली तर माझ्या मानेवरचं ओझं उतरेल. हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, एवढं कळायला मला तुझा तेरावा लागला.

मधेच एकदा मी तुला आमच्या क्लासमध्ये आणलं, आठवतं? समतोलाचा धडा शिकवायला माणूस हवा होता. मी संचालकांना सांगितलं, ह्या विषयात असा माणूस मराठवाड्यात नाही. दोनशे पोरं, माईक, पडद्यावर मोठी अक्षरं. तू पहिल्या तासाला पडदा बंद करायला लावलास आणि विचारलंस, "समतोल आला हे कळतं कसं?" पहिल्या बाकावरच्यांनी सूत्र म्हणून दाखवलं. तू म्हणालास, "ते आल्यावरचं झालं. आलाय हे कसं कळलं?" दुसऱ्या तासालाही तोच प्रश्न. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी चाचणी झाली आणि आमची तुकडी सगळ्यात मागं पडली.

संचालकांनी आपल्याला दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सर, तुमचं ज्ञान लई मोठं हाय. पन पोरांना एका प्रश्नाला एक मिनिट मिळतंय. त्यांना आधी उत्तर पाहिजे. कारण नंतर."

तू म्हणालास, "मग मला नंतर बोलवा." आणि उठून स्टँडवर गेलास.

तुला बसवून द्यायला मी मागून आले, आणि वाटभर तुला बोलत होते. मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, माझी तिथं काही पत होती. तू निवांत शेंगा खात होतास. गाडीत चढताना म्हणालास, "तिसऱ्या बाकावरच्या पोरीला कळत होतं. तिला विचार." दुसऱ्या दिवशी तुझी तुकडी मलाच घ्यावी लागली. तिसऱ्या बाकावरची पोरगी उदगीरची होती, शबाना. तिनं तास संपल्यावर मला विचारलं, "ते सर परत येणार नाहीत का? मला उत्तर सापडलंय. दोनदा बघायचं. मधे वेळ जाऊ द्यायचा."

शबानाला डॉक्टरकीला नंबर लागत होता. ती गेली नाही. तिच्या वडिलांनी, जे उदगीरच्या आडतीत हमालांचे मुकादम होते, मला भेटून हात जोडले, की मॅडम, हिला समजावा. मी समजावलं. तिनं ऐकलं नाही. ह्याचाही दोष मी तुझ्यावर टाकला होता, हे तुला आठवत असेल.

आज ती हैदराबादला शास्त्रज्ञ आहे आणि तिच्या प्रयोगशाळेत नवं अल्ट्रासेंट्रिफ्यूज आहे. प्लेटा नाहीत, अंधारखोली नाही, उतार थेट संगणकावर दिसतो. दोन वर्षांपूर्वी तिनं तुला फोन करून सांगितलं, "सर, तुमचं प्रथिन पाठवा, हवे तेवढे दिवस घ्या." झालं की मग. इतकी वर्षं जे मागत होतास ते दार उघडून समोर उभं होतं. आणि तू काय केलंस? तू म्हणालास, पूड जुनी झाली, नवीन काढतो. नवीन काढलीस. मग म्हणालास, शुद्ध आहे का ते तपासतो. तपासलीस. मग म्हणालास, अजून एकदा तपासतो. शबाना मला फोन करायची आणि आम्ही दोघी मिळून तुझ्या नावानं कपाळावर हात मारून घ्यायचो. शेवटी नमुना तयार असल्याचा तुझा निरोप तिला आला, आणि नंतर नवव्या दिवशी तू गेलास.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर मंगल मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कॉलेजच्या फ्रीजची किल्ली आणि तुझ्या वह्यांचं बोचकं तिनं माझ्यापुढं ठेवलं. मग विचारलं, "ताई, ह्यांनी काय मोजलं हो इतकी वर्षं? मी विचारलं की म्हनायचे, झाल्यावर सांगतो."

मी तिला सांगितलं. तुरीचा दाणा, अळी, एकेकटे, जोड्या. ती नीट ऐकत होती.

"मग झालं का मोजून?"

"नाही."

"का बरं?"

आणि नागनाथ, जे तुला कधी सांगितलं नाही ते मी तुझ्या बायकोला सांगितलं. म्हटलं, "माझ्यामुळं. मी गावाकडं निघाले, तो माझ्यासाठी उठला. चार तास थांबला असता तर दुसरी प्लेट निघाली असती. सगळं तिथंच अडलं."

मंगलनं बोचकं माझ्याकडं सरकवलं. म्हणाली, "तुमच्यामुळं कसं? बोचकं बांधताना त्या वेळचं पान वाचलं मी, पंधरा तासांचं काम कच्चंच असंल असं हाय त्यात. मग दुसरी प्लेट निघून तरी काय झालं असतं? त्यांनीच लिवून ठेवलंय की. तुम्ही त्यांना कधी विचारलं न्हाई?"

मी बोचकं सोडलं. किल्लारीहून परतल्यावर आठवड्याच्या आत लिहिलेलं पान होतं. हाताला चिंध्या असताना लिहिलेलं, म्हणून अक्षर वेडंवाकडं. 'प्रथिन सावकाश जुळतं असं दिसतं. पंधरा तास पुरेसे का? शंका आहे. प्लेट एकच. काही म्हणू नये.'

म्हणजे तू जेव्हा जेव्हा 'एकच प्लेट हाय' म्हणालास, तेव्हा तुला एवढंच म्हणायचं होतं की प्लेट एकच आहे. त्याच्यामागं काही नव्हतं. मी ऐकलं भलतंच. पण तुला तरी एकदा पुढचं वाक्य बोलायला काय झालं होतं? 'आणि तीही कच्ची असावी,' एवढे चार शब्द. माझी अर्धी भांडणं त्या चार शब्दांत मिटली असती. मी का चिडते हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही? की ती शंका तू मलाही सांगणार नव्हतास, कारण तिलासुद्धा दुसरा पुरावा नव्हता? हे दुसरंच खरं असणार. मी तुला ओळखते. आणि ओळखूनही मी विचारलं नाही, तेव्हा माझाही शहाणपणा फार नव्हता.

मागच्या आठवड्यात मी तुझा नमुना बर्फात घालून हैदराबादला नेला. शबानानं यंत्र लावलं. मी खुर्ची ओढून यंत्रापाशी बसले. तिथं आता तसा नियम नाही, तरी बसले. पंधरा तास झाले तेव्हा तिनं उतार पडद्यावर आणला. स्वच्छ होता. मी म्हटलं, "आला." शबाना म्हणाली, "थांबा, मॅडम." एकोणीस तासांनी दुसरा काढला आणि पहिल्यावर ठेवला. तळाकडचं टोक वर सरकलं होतं. समतोल आला नव्हता. सव्वीस तासांचा आणि तीस तासांचा मात्र एकमेकांवर असे बसले की दोन रेषा आहेत हे सांगावं लागलं. वेग बदलून, दाटपणा बदलून सगळं परत केलं. तेच आलं.

तुझी शंका बरोबर होती. मी म्हणत होते तसा तो आकडा छापला असता तर तो चुकीचा छापला असता. जोड्या आपल्याला वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच घट्ट निघाल्या. शबाना म्हणाली, "सरांना आत्ता फोन करायला पाहिजे होता," आणि चष्मा पुसत बसली. मी खाली जाऊन एकटीनं चहा प्याले. वाद हरल्याचा आनंद व्हावा असं आयुष्यात एकदाच झालं, आणि तो बघायला तू नाहीस. ह्याला मी काय म्हणू?

आता लेख लिहिणं चालू आहे. तुझं नाव पहिलं आहे, त्यावर खुणेची चांदणी आणि खाली, लेखक हयात नाहीत, अशी ओळ. शबाना इंग्रजीत लिहिते आहे, मी आधी मराठीत मांडून तिला देते. काल पद्धतीच्या भागात पहिल्या प्रयोगाचा उल्लेख करायचा होता. मी लिहिलं, 'पहिला प्रयोग भूकंपामुळे पंधराव्या तासाला थांबवावा लागला.'

वाचलं आणि अडले. हैदराबादला एक भांडंसुद्धा पडलं नव्हतं. यंत्र व्यवस्थित फिरत होतं, वीज होती, वेंकटय्या 'बैठो' म्हणत होते. भूकंपानं तुला काही करायला लावलं नाही. मीही लावलं नाही, मी तर दारात मुकी उभी होते. तुझ्यासमोर दीड वर्षाची पूड फिरत होती आणि एक बाई होती, जिला तू तोवर 'तुम्ही' म्हणत होतास. आयुष्यात तू एकदाच दुसऱ्या पुराव्याची वाट बघितली नाहीस.

मी 'भूकंपामुळे' खोडलं. 'लागला' खोडलं. आता वाक्य असं आहे: 'पहिला प्रयोग नागनाथ यांनी पंधराव्या तासाला स्वतः थांबवला.' शबानानं विचारलं, कारण लिहायचं नाही का. मी म्हटलं, नाही, एवढंच पुरे.